मीर उस्मान अली खान

मीर उस्मान अली खान (जन्म : ६ एप्रिल १८८६, हैदराबाद, मृत्यू : २४ फेब्रुवारी १९६७, हैदराबाद) हे हैदराबाद संस्थानाचे सातवे आणि अखेरचे निजाम होते. आसफजाही घराण्यातील हे शासक २९ ऑगस्ट १९११ रोजी गादीवर आले आणि सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील होईपर्यंत त्यांनी राज्य केले. त्यानंतर १९५० ते १९५६ या काळात ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते.

आजच्या महाराष्ट्रातील मराठवाडा हा त्यांच्या राज्याचा एक भाग होता. सध्याचा जालना जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हा प्रदेश औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात मोडत असे. रेल्वे, धरणे, रुग्णालये आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ उभारणारा राज्यकर्ता म्हणून उस्मान अली खान ओळखले जातात. त्याचबरोबर प्रजेला राज्यकारभारात वाटा न देणारा आणि अखेरच्या काळात सशस्त्र रझाकारांना आवर घालू न शकलेला शासक म्हणूनही इतिहासात त्यांची नोंद आहे. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात.

राज्याचे स्वरूप

हैदराबाद संस्थानाचा पाया पहिला निजाम-उल-मुल्क आसफजाह याने १७२४ मध्ये घातला. मुघल सुभेदार मुबारिझ खान याचा त्याने ज्या लढाईत पराभव केला, ती साखरखेर्डा येथे झाली. हे गाव आजच्या जालना जिल्ह्याच्या सीमेलगत बुलढाणा जिल्ह्यात आहे. प्रारंभी राज्याचे मुख्य केंद्र औरंगाबाद येथे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी हैदराबादला हलविण्यात आली.

इंग्रजांशी झालेल्या तैनाती फौजेच्या करारानंतर निजाम ब्रिटिशांचा मित्र बनला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा जेथे पराभव केला, ते असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. या युद्धानंतर वऱ्हाडाचा मोठा भाग निजामाकडे आला. पुढे इंग्रजांच्या हुकमतीखालील फौजेची एक छावणी जालना येथे अनेक दशके होती.

उस्मान अली खान यांच्या काळात संस्थानाचे क्षेत्रफळ ८२,००० चौरस मैलांहून अधिक होते. १९३१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ४४ लाख होती. त्या काळातील बेल्जियम, हंगेरी किंवा बल्गेरिया या युरोपीय राज्यांपेक्षा हे संस्थान विस्ताराने मोठे होते. संस्थानाचे १६ जिल्हे तीन भाषिक विभागांत विभागलेले होते : तेलंगणाचे ८, मराठवाड्याचे ५ (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद) आणि कर्नाटकाचे ३. प्रजेपैकी सुमारे ४८ टक्के लोक तेलुगू, सुमारे २६ टक्के मराठी, तर ११ ते १२ टक्के कन्नड बोलत. उर्दू ही सुमारे एक दशांश लोकांची मातृभाषा होती. प्रजेत हिंदूंचे प्रमाण मोठे होते. राज्यकर्ते घराणे, अमीर-उमराव आणि वरिष्ठ अधिकारी मात्र बहुतांशी मुस्लिम होते. जमिनीचा मोठा हिस्सा जहागीरदार, पायगा सरदार आणि खुद्द निजामाची खासगी मिळकत असलेल्या सर्फ-ए-खासकडे होता.

जन्म आणि शिक्षण

उस्मान अली खान यांचा जन्म हैदराबाद येथील पुरानी हवेलीत झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे त्यांचे वडील होत. त्यांचे शिक्षण खासगी शिक्षकांकडून झाले. उर्दू, फार्सी व अरबी या भाषांबरोबरच त्यांनी इंग्रजीचाही अभ्यास केला. इंग्रजीसाठी ब्रायन एगर्टन हे त्यांचे शिक्षक होते. १९०६ मध्ये त्यांचा विवाह दुल्हन पाशा बेगम यांच्याशी झाला. आझम जाह व मोअज्जम जाह हे त्यांचे थोरले पुत्र होत.

राज्यारोहण आणि पहिले महायुद्ध

वडिलांच्या निधनानंतर वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते गादीवर आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या दिल्ली दरबारास ते उपस्थित राहिले. १९१२ मध्ये त्यांनी तिसरे सालारजंग यांना दिवाण नेमले. १९१४ मध्ये सालारजंग पदावरून दूर झाल्यावर निजामांनी दिवाणाशिवाय राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. सत्ता इतरांकडे न सोपविण्याची त्यांची प्रवृत्ती कारकिर्दीच्या प्रारंभीच अशी दिसून आली.

नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने पहिल्या महायुद्धात उतरले. तुर्की सुलतान हा खलिफा असल्याने भारतीय मुस्लिमांच्या निष्ठेचा प्रश्न ब्रिटिशांपुढे उभा राहिला. अशा वेळी निजामांनी मुस्लिमांना ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले आणि युद्धखर्चासाठी मोठी रक्कम दिली. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या पथकाला त्यांच्या देणगीतून विमाने मिळाली, म्हणून ते हैदराबाद पथक या नावाने ओळखले गेले. हैदराबादचे घोडदळ पश्चिम आशियातील मोहिमेत सहभागी झाले होते.

या मदतीच्या मोबदल्यात १९१८ मध्ये त्यांना हिज एक्झॉल्टेड हायनेस ही पदवी मिळाली. ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ मित्र असा किताबही त्यांना देण्यात आला. इतर कोणत्याही संस्थानिकाला असा दर्जा नव्हता. या विशेष मानामुळे आपले स्थान केवळ मांडलिकाचे नसून मित्रराजाचे आहे, अशी त्यांची धारणा दृढ झाली. पुढील तीस वर्षांतील त्यांच्या अनेक निर्णयांच्या मुळाशी ही धारणा आढळते.

वऱ्हाडचा प्रश्न

वऱ्हाड हा मराठीभाषक व कापूस पिकविणारा सुपीक प्रांत १८५३ च्या तहाने ब्रिटिशांच्या ताब्यात गेला होता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सहाव्या निजामांकडून तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. महायुद्धातील सेवेच्या बळावर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला. मागणी फेटाळली गेल्यावर त्यांनी आपण अंतर्गत कारभारात ब्रिटिशांच्या बरोबरीचे आहोत, अशी भूमिका मांडली.

व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने तिला उत्तर दिले. ब्रिटिश सत्ता भारतात सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, असे या पत्रात बजावण्यात आले. सार्वभौम ब्रिटिश सत्तेच्या सिद्धान्ताची ही अत्यंत स्पष्ट मांडणी मानली जाते आणि संस्थानांच्या घटनात्मक इतिहासात हे पत्र महत्त्वाचे ठरले. त्यानंतर काही महत्त्वाच्या खात्यांवर ब्रिटिश अधिकारी नेमणे निजामांना भाग पडले. १९३६ च्या करारानुसार वऱ्हाडावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य करण्यात आले आणि युवराज आझम जाह यांना प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी मिळाली. प्रत्यक्ष कारभार मात्र मध्य प्रांताबरोबर ब्रिटिशांकडेच राहिला. जालन्याहून बुलढाण्याकडे जाणारा प्रवासी अशा रीतीने एका मराठी मुलखातून दुसऱ्या मराठी मुलखात जाताना दोन वेगळ्या राजवटींची हद्द ओलांडत असे.

तुर्की राजघराण्याशी संबंध

पहिल्या महायुद्धानंतर युरोप व पश्चिम आशियातील अनेक जुनी राजघराणी लयास गेली. मार्च १९२४ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने खिलाफत रद्द करून अखेरचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांना देशाबाहेर काढले. फ्रान्समध्ये आश्रयाला आलेल्या या खलिफांना निजामांनी निवृत्तिवेतन सुरू केले. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे आझम जाह यांचा विवाह खलिफांची कन्या दुर्रुशेहवार यांच्याशी, तर मोअज्जम जाह यांचा विवाह त्याच घराण्यातील निलोफर यांच्याशी झाला. या संबंधांमुळे मुस्लिम जगात निजामांची प्रतिष्ठा वाढली. आझम जाह व दुर्रुशेहवार यांचे पुत्र मुकर्रम जाह हे पुढे निजामांचे वारस ठरले.

प्रशासन आणि विकासकामे

नोव्हेंबर १९१९ मध्ये निजामांनी कार्यकारी मंडळाची स्थापना केली. अली इमाम हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. महाराजा किशन पर्शाद, अकबर हैदरी, छतारीचे नवाब आणि मिर्झा इस्माईल हे नंतरचे प्रमुख अध्यक्ष होत. १९२१ मध्ये न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्यात आली. ब्रिटिश भारतातील प्रांतांतही ही सुधारणा त्या वेळी झालेली नव्हती. तथापि कार्यकारी मंडळ लोकांना नव्हे, तर निजामांना जबाबदार होते आणि फर्मान हाच अखेरचा कायदा होता.

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात हैदराबाद शहराची मोठी हानी झाली होती. अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सूचनांच्या आधारे पूरनियंत्रण व पाणीपुरवठ्यासाठी उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधण्यात आले. मांजरा नदीवरील निजामसागर धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले. अली नवाज जंग हे त्याचे अभियंता होते. उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय आणि शहर सुधारणा मंडळ ही याच काळातील कामे होत.

संस्थानाचे स्वतःचे चलन, टपाल, रेल्वे व सैन्य होते. १९१८ पासून उस्मानिया शिक्क्याच्या कागदी नोटा चलनात आल्या. १९३० मध्ये सरकारने खासगी कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू केली. १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँकेची स्थापना झाली.

पुरातत्त्व खात्याची स्थापना १९१४ मध्ये झाली. गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली या खात्याने अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांचे जतन केले. अजिंठ्याची भित्तिचित्रे पोपडे धरून गळू लागली होती. ती टिकविण्यासाठी १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलाविण्यात आले. पुढे यझदानी यांनी या चित्रांवरील सविस्तर ग्रंथ अनेक खंडांत प्रसिद्ध केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारत प्रकल्पाला व अतिथिगृहालाही निजामांनी अनुदान दिले.

उस्मानिया विद्यापीठ आणि भाषेचा प्रश्न

१९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची घोषणा झाली आणि १९१८ मध्ये ते स्थापन झाले. आधुनिक विद्याशाखांचे उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देणारे हे भारतातील पहिले विद्यापीठ होय. पाठ्यपुस्तकांसाठी दारुल तर्जुमा ही भाषांतरसंस्था उभारण्यात आली. तिने विज्ञान, वैद्यक, कायदा व इतिहास या विषयांतील शेकडो ग्रंथ उर्दूत आणले आणि पारिभाषिक शब्द घडविले. या कामाशी निगडित असलेले मौलवी अब्दुल हक यांचे वास्तव्य दीर्घकाळ औरंगाबाद येथे होते. अंजुमन तरक्की उर्दू या संस्थेचे कार्यही त्या काळी तेथूनच चाले.

मातृभाषेतून उच्च शिक्षण ही कल्पना क्रांतिकारक होती. परंतु उर्दू ही बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नव्हती. न्यायालय, महसूल कचेरी, पोलीस ठाणे आणि वरच्या वर्गांतील शिक्षण या सर्वच ठिकाणी उर्दूचा वापर असल्याने मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या मुलांना शिक्षणासाठी आधी परकी भाषा आत्मसात करावी लागे. संस्थानातील साक्षरतेचे प्रमाण १९३१ मध्ये दहा टक्क्यांच्या बरेच खाली होते. खासगी शाळा काढण्यावरही सरकारी परवानगीचे बंधन होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी मराठी समाजाने स्वतः शिक्षणसंस्था उभारल्या. हैदराबादची विवेकवर्धिनी, औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय आणि हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा या त्यांतील प्रमुख होत. संस्थानातील पुढच्या राजकीय चळवळीचे अनेक कार्यकर्ते याच शाळांतून घडले.

जालना परिसर

जालना हे मराठवाड्यातील एक जुने व्यापारी केंद्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग बांधण्यात आला. औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी व नांदेड ही त्यावरील स्थानके होत. या मार्गामुळे जालन्याचा कापूस व धान्य एकीकडे मुंबईच्या आणि दुसरीकडे हैदराबादच्या बाजारात जाऊ लागले.

उस्मान अली खान यांच्या काळातील मोठी सिंचनकामे व उच्च शिक्षणसंस्था प्रामुख्याने तेलंगणात व राजधानीत झाल्या. मराठवाड्यात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजपुरती मर्यादित होती. गोदावरीच्या खोऱ्यात असूनही या भागातील शेती पावसावरच अवलंबून राहिली. जायकवाडी धरण स्वातंत्र्योत्तर काळात झाले. प्रादेशिक मागासलेपणाची पुढे सतत होत राहिलेली चर्चा या असमतोलापर्यंत मागे जाते.

राजकीय चळवळी

संस्थानात सार्वजनिक सभा घेण्यास पूर्वपरवानगी आवश्यक होती. गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकाने हे निर्बंध अधिक कडक केले. वृत्तपत्रांवरही नियंत्रण होते. परिणामी हैदराबादच्या प्रजेला आपल्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भराव्या लागल्या. १९२३ मध्ये काकीनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला येथे या परिषदा झाल्या.

१९३७ मध्ये मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्र परिषद स्थापन केली. तिचे पहिले अधिवेशन परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आज जालना जिल्ह्यात असलेल्या या गावी संस्थानातील मराठी प्रजा आपली गाऱ्हाणी मांडण्यासाठी संघटितपणे एकत्र आली. शिक्षण, भाषा व नागरी स्वातंत्र्य हे तिच्यापुढील प्रमुख प्रश्न होते. तेलंगणातील आंध्र महासभा आणि कर्नाटक परिषद यांच्याबरोबर ही संस्था पुढील लढ्याचा पाया ठरली.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, निजामांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव थाटात साजरा झाला. टाइम या अमेरिकी नियतकालिकाने त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापून जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हणून त्यांचा उल्लेख केला.

१९३८ हे वर्ष संस्थानाच्या इतिहासात निर्णायक ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. स्वामी रामानंद तीर्थ हेही या सत्याग्रहात तुरुंगात गेले. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयात वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाल्यावर विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. ते हैदराबादेत व इतरत्र पसरले आणि अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. आर्य समाज व हिंदू महासभा यांनीही धार्मिक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सत्याग्रह केला. आर्य समाजाचा सत्याग्रह ऑगस्ट १९३९ मध्ये थांबला.

या दडपणाखाली जुलै १९३९ मध्ये घटनात्मक सुधारणा जाहीर झाल्या. ८५ सदस्यांच्या विधिमंडळात ४२ निर्वाचित सदस्य असणार होते. जागांची वाटणी हिंदू व मुस्लिम यांच्यात समसमान ठेवण्यात आली होती. विधिमंडळाचे अधिकार मर्यादित होते आणि मंत्रिमंडळ त्याला जबाबदार नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू होताच या सुधारणाही लांबणीवर पडल्या. १९४६ मध्ये त्या अमलात आल्या, तेव्हा स्टेट काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार घातला.

विलीनीकरणाचा संघर्ष

जून १९४७ मध्ये निजामांनी भारत व पाकिस्तान यांपैकी कोणत्याही राष्ट्रात सामील न होता स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. ब्रिटिश सत्ता संपताच आपण पूर्ण सार्वभौम होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, तेव्हा हैदराबाद संस्थान त्याच्या बाहेर राहिले. स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली.

या काळात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे नेतृत्व लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे होते. तिच्या रझाकार या स्वयंसेवक दलाने ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस भारत सरकारशी वाटाघाट करणाऱ्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे वेढली. निजामांनी ठरलेल्या करारावर सही करण्याचे टाळले व नवे शिष्टमंडळ नेमले. राज्याची सूत्रे निजामांच्या हातून निसटत असल्याचे या घटनेने दिसून आले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताबरोबर एक वर्षाचा जैसे थे करार झाला. मीर लायक अली हे पंतप्रधान झाले.

१९४८ मध्ये रझाकारांनी मराठवाड्यासह संस्थानभर लूट, जाळपोळ व हत्या केल्या. अनेक कुटुंबे वऱ्हाड, खानदेश, अहमदनगर व सोलापूरकडे स्थलांतरित झाली. स्टेट काँग्रेसने सीमेवर छावण्या उभारून सशस्त्र प्रतिकार केला. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा उठाव चालू होता. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार दाखल केली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य चढाई सोलापूरहून झाली. दुसऱ्या बाजूने आलेल्या तुकड्यांनी औरंगाबाद व जालना ही शहरे पहिल्या काही दिवसांतच ताब्यात घेतली. १७ सप्टेंबर रोजी निजामांनी युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. काही दिवसांतच निजामांनी संयुक्त राष्ट्रसंघातील तक्रार मागे घेतली.

या कारवाईच्या काळात व त्यानंतर संस्थानाच्या अनेक भागांत, विशेषतः मराठवाड्यात, मुस्लिमांवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार लोक मारले गेल्याचा अंदाज वर्तविला. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या अत्याचारांबरोबर या घटनांचीही नोंद या काळाच्या इतिहासात घेतली जाते.

उत्तरायुष्य

विलीनीकरणानंतर भारत सरकारने निजामांना पदच्युत केले नाही. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास राज्यात विलीन झाले आणि जहागिरी रद्द झाल्या. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी भारताचे संविधान हैदराबादला लागू करण्याचे फर्मान काढले. २६ जानेवारी १९५० पासून ते राजप्रमुख झाले. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले व मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. राजप्रमुखपदही त्याच वेळी संपुष्टात आले.

यानंतर निजाम किंग कोठी या निवासस्थानी राहिले. कुटुंबीय, आश्रित व धर्मादाय कार्य यांसाठी त्यांनी अनेक विश्वस्त निधी स्थापन केले. १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी पाच हजार किलो सोने देशाला दान केले, अशी आख्यायिका प्रचलित आहे. वस्तुतः त्यांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत व्याजाने गुंतविले होते. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. किंग कोठीसमोरील जुदी मशिदीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या अंत्ययात्रेस विविध धर्मांचे लोक मोठ्या संख्येने उपस्थित होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे जमा झालेल्या सुमारे दहा लाख पौंडांचा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेल्या या रकमेवर भारत व निजामांचे वारस यांचा हक्क असल्याचा निर्णय ब्रिटनमधील न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला.

व्यक्तिमत्त्व

अफाट संपत्ती आणि अत्यंत साधी राहणी यांचा मेळ त्यांच्या ठिकाणी होता. जुनी टोपी, साधा पोशाख व काटकसर यांविषयीच्या अनेक कथा प्रसिद्ध आहेत. जेकब हिरा ते कागदावरील वजन म्हणून वापरीत, असे सांगितले जाते. हा हिरा व इतर रत्ने भारत सरकारने १९९५ मध्ये खरेदी केली. भेटीस येणाऱ्यांकडून नजराणा घेण्याच्या प्रथेवर मात्र बरीच टीका झाली. ते उस्मान या नावाने उर्दू व फार्सीत काव्यरचना करीत. कवी जलील माणिकपुरी हे त्यांचे काव्यगुरू होते.

मूल्यमापन

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातील अनेक राजसत्ताही बहुभाषिक प्रजा, वाढत्या राजकीय आकांक्षा आणि राजाचे अधिकार यांच्या पेचात सापडल्या होत्या. लोकसंख्येने हैदराबादच्या जवळपास असलेल्या युगोस्लाव्हियात राजा पहिला अलेक्झांडर याने जानेवारी १९२९ मध्ये संविधान रद्द करून सत्ता हाती घेतली. रुमानियात राजा दुसरा कॅरोल याने १९३८ मध्ये तेच केले. त्या देशांत आधी मिळालेले संविधान काढून घेतले गेले, तर हैदराबादेत ते प्रजेला कधी मिळालेच नव्हते. ब्रिटिश संरक्षणामुळे बाहेरील आक्रमणाचे किंवा अंतर्गत बंडाचे भय नसल्याने प्रजेशी तडजोड करण्याची निकड निजामांना भासली नाही. संरक्षण संपले, तेव्हा राज्याच्या बचावासाठी प्रजेचा मोठा वर्ग त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही.

निजामांच्या समर्थकांच्या मते त्यांनी उभारलेल्या संस्था व सर्वधर्मीय देणग्या त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देतात. टीकाकारांच्या मते ही कामे राजधानीभोवती केंद्रित होती आणि भाषा, शिक्षण व नागरी हक्क यांबाबत मराठवाड्याची उपेक्षा झाली. परतूरच्या अधिवेशनात मांडले गेलेले प्रश्न १९३७ मध्येच सोडविले गेले असते, तर पुढील संघर्ष एवढा हिंसक झाला नसता, असेही मत व्यक्त केले जाते.

वारसा

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील चार तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. निजामांच्या काळातील उर्दू महसुली नोंदी, सनदा व जनगणनेची कागदपत्रे या जिल्ह्यात अजूनही व्यवहारात येतात. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. उस्मानिया विद्यापीठ, उस्मानसागर आणि औरंगाबाद–जालना–नांदेड लोहमार्ग आजही वापरात आहेत. हा लोहमार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे.